'स्मार्ट' म्हणजे दुखणं? आठवीतल्या एका भाषांतरावरून पडलेला प्रश्न

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९.४०

मी मिरजेजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात मुलांना एक छोटा उतारा मराठीत लिहून आणायला सांगितला होता. त्यात एक वाक्य होतं, 'हिज आइज वेअर स्मार्टिंग विथ स्मोक.' बहुतेकांनी ते गाळलंच. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, 'धुरामुळे त्याचे डोळे हुशार झाले होते.'

लाल पेन हातात घेतलं आणि थांबले. मुलाला 'स्मार्ट म्हणजे हुशार' एवढंच आम्ही शिकवलंय. ते त्याने प्रामाणिकपणे लावलं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, इथे स्मार्ट म्हणजे चुरचुरणे, आग होणे. त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग बाई, हुशार माणसाला पण तोच शब्द का?"

मला उत्तर देता आलं नाही. 'इंग्रजीत असंच असतं' हे मी माझ्या शाळेत इतक्यांदा ऐकलंय की माझ्या वर्गात ते मला म्हणायचं नाही.

तर जाणकारांनो, मराठीत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारला भरायचा पैसा, तसे हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात का? की एकच शब्द आहे? आणि आपण 'किती स्मार्ट दिसतोयस' म्हणतो, तिथे तर हुशारीचाही संबंध नसतो. तो अर्थ कुठून आला? शुक्रवारी त्याच वर्गावर तास आहे. तोपर्यंत काही हाती लागलं तर फार बरं होईल.

धुंधुरमास | सोमवार, रात्री १०.०५

छान धागा. वाचतेय. डोळे 'स्मार्ट' होतात हे मलाही आजच कळलं.

तळटीप | सोमवार, रात्री १०.५५

पाटीपेन्सिल ताई, शब्द एकच आहे. जुना अर्थ तुमच्या उताऱ्यातला, हुशारी मागाहून आली.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'स्मेओर्टन' असं क्रियापद होतं. अर्थ दुखणे, खास करून जखम ठणकणे. त्याच्या जोडीला 'स्मेआर्ट' हे विशेषण, म्हणजे झोंबणारा, वेदना देणारा. जर्मन भाषेत आजही 'श्मेर्त्स' म्हणजे वेदना. या घराण्यातलं इंग्रजी भावंड तेवढं शहाणं झालं, बाकीची अजून कण्हताहेत.

वेदनेकडून हुशारीकडे जायची वाट फटक्यावरून गेली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रास्ताविकात एका मठातली बाई रंगवली आहे. तिच्या कुत्र्यांपैकी एखाद्याला कोणी छडीने 'स्मेर्ट' मारलं की तिला रडू कोसळायचं. 'स्मेर्ट' मारलं म्हणजे लागेल असं मारलं. पण लागेल असा फटका सावकाश मारता येत नाही. तो जोरात आणि झटक्यात मारावा लागतो. एकाच फटक्यात दुखणंही आहे आणि चपळाईही आहे. १३०० च्या सुमारास या शब्दाला 'जोरकस', 'चपळ', 'तरतरीत' असे अर्थ चिकटलेले दिसतात, ते असे.

पुढे फटका हातातून जिभेवर आला. वेळेवर, नेमकं, समोरच्याला लागेल असं जो बोलतो तो चलाख. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये तिसऱ्या अंकात राजा क्लॉडियस स्वतःशी म्हणतो, 'हाउ स्मार्ट अ लॅश दॅट स्पीच डथ गिव्ह माय कॉन्शन्स!' कोणाच्या तरी साध्या बोलण्याने त्याच्या पापी मनावर चाबूक ओढला जातो, आणि त्या चाबकाला विशेषण लागतं 'स्मार्ट'. मला विचाराल तर शब्दाचा सगळा प्रवास या एका ओळीत आहे. चाबूक आहे, बोलणं आहे आणि झोंबणं आहे.

१६११ च्या इंग्रजी बायबलात नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय की परक्याला जामीन राहील तो 'शॅल स्मार्ट फॉर इट'. म्हणजे त्याला ते भोवेल. तुमच्या विद्यार्थ्याच्या रीतीने वाचलं तर जामीन राहणारा हुशार होईल असं निघेल.

कपड्यांचा अर्थ बराच उशिरा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो. चपळ आणि तरतरीत माणूस नीटनेटका असतो, एवढीच ती उडी. उद्या सवडीने लिहितो.

जुनाखोड | मंगळवार, सकाळी ६.२०

माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. ते आम्हाला सांगत की 'स्मार्ट' हा मूळचा आपला 'स्मार्त' आहे. स्मृती ज्याला मुखोद्गत तो स्मार्त, म्हणजेच बुद्धिमान. स्मृ या धातूपासून सरळ व्युत्पत्ती लागते, उच्चारही जवळजवळ तोच, अर्थही जुळतो. तळटीप यांनी फटक्याचा लांबचा रस्ता घेतला आहे असे मला वाटते. माझे वय ७६ आहे, चूक असल्यास जरूर दाखवावी.

तळटीप | मंगळवार, दुपारी १.१५

जुनाखोड काका, नमस्कार. तुमच्या वडिलांनी सांगितलेली जोडी ऐकायला इतकी बेमालूम आहे की मीही कॉलेजात असताना ती खरी धरून चाललो होतो. का सोडली ते सांगतो.

संस्कृत आणि इंग्रजी चुलत बहिणी आहेत, पण त्यांच्यात एक अक्षरबदल ठरून झालेला आहे. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये तो दाखवला आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियम म्हणून मांडला. संस्कृतात जिथे 'द' असतो तिथे इंग्रजीत 'ट' येतो. द्वि आणि टू. दश आणि टेन. अद् म्हणजे खाणे, तिकडे ईट. पाद म्हणजे पाऊल, तिकडे फूट. आणि संस्कृतात 'त' असेल तर इंग्रजीत बहुधा 'थ' येतो. त्रि आणि थ्री. तनु आणि थिन. दंत या एका शब्दात दोन्ही सापडतात: पुढच्या 'द'चा 'ट' झाला, मागच्या 'त'चा 'थ', आणि झालं टूथ.

आता 'स्मार्ट'च्या शेवटी 'ट' आहे. त्याची संस्कृत चुलत बहीण शोधायची तर तिच्यात 'द' हवा. 'स्मार्त'मध्ये 'त' आहे. तोही मूळ धातूतला नाही, प्रत्ययातला आहे, धातू फक्त स्मृ. शिवाय हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाला बुद्धीचा वासही नव्हता, नुसतं दुखणं होतं. स्मृचे खरे नातेवाईक लॅटिनमध्ये आहेत. 'मेमरी' हा शब्द ज्या लॅटिन 'मेमोर'पासून आला तो स्मृचा नातलग मानतात.

पण काका, तुम्ही रिकाम्या हाताने परत जाऊ नका. 'स्मार्ट'चं मूळ घासणे, चिरडणे, इजा करणे अशा अर्थाच्या धातूशी अभ्यासक जोडतात, आणि त्याच कुळात संस्कृतचा मृद् येतो, ज्यापासून आपलं 'मर्दन'. इथे 'द' जागच्या जागी आहे! लॅटिनमध्ये चावणे या अर्थाचं 'मोर्देरे' हेही त्याच कुळातलं धरतात. इतक्या मागच्या काळाबद्दल कोणीच छातीठोक बोलू नये, पण नियमात बसतं ते हे. स्मार्त बसत नाही.

जुनाखोड | मंगळवार, दुपारी २.०२

द आणि ट चा मुद्दा पटला. द्वि-टू, दश-टेन हे मी आयुष्यभर वेगवेगळे पाठ केले, शेजारी शेजारी कधी ठेवले नाहीत. वडिलांच्या वहीत 'स्मार्त' लिहिलेले आहे. ते तसेच ठेवून त्याखाली 'मर्दन' लिहून ठेवतो आहे.

लवंगी | मंगळवार, दुपारी ३.३०

मी कोल्हापूरची. इंग्रजीतलं मला फारसं कळत नाही, पण हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की यात नवल काय? आपण मराठीत हेच करतो की.

मिरची झोंबते. बोलणंही झोंबतं. जखम चुणचुणते, आणि पोरगं चुणचुणीत असतं. धुराने डोळे चुरचुरतात, आणि एखाद्याचं लिखाण चुरचुरीत असतं. कानाखाली सणसणीत बसते, आणि उत्तरही सणसणीत देतात. सणक म्हणजे दाढेतून निघणारी कळ, ती ज्याला आली त्याला विचारा. रस्सा झणझणीत, पाय झोपला की मुंग्या येऊन झणझणतो, आणि भाषण झणझणीत झालं म्हणतो आपण. तिखट तर आहेच. तिखट जिभेची बाई आणि तिखट नाकाचा माणूस.

माझी सासू आमच्या धाकट्याला 'चुणचुणीत' म्हणायची तेव्हा मला त्यात कधी चुणचुण ऐकू आली नाही. आज आली.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी ४.१०

लवंगी ताई, तुमचा प्रतिसाद मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. शुक्रवारच्या तासाला काय सांगायचं ते मला कळलं. 'चुणचुणीत' हा शब्द मी मुलांच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं लिहीत आलेय.

तळटीप | मंगळवार, रात्री १०.३०

लवंगी ताईंनी जे लिहिलं ते माझ्या दोन लांबलचक प्रतिसादांपेक्षा मोलाचं आहे. थोडी भर घालतो.

'तिखट' हा 'तीक्ष्ण'वरून आलेला. तीक्ष्णचा धातू तिज्, म्हणजे धार लावणे. त्याच धातूचं 'तेज'. म्हणजे मिरचीची चव, सुरीची धार, बुद्धी आणि दिव्याचा उजेड ही चारही एका धातूत राहतात. याच कुळातले इंग्रजी शब्द 'स्टिक' आणि ग्रीकमधून आलेला 'स्टिग्मा', दोन्हींच्या मुळाशी टोचणं आहे.

'कुशाग्र' म्हणजे दर्भाचं टोक. दर्भ उपटताना बोट कापतं हे ज्याने उपटला त्याला माहीत. 'कुशल' शब्दाची जुनी पारंपरिक फोड अशी की जो हात न कापता कुश आणतो तो कुशल. व्याकरणाच्या कसोटीवर ती कितपत टिकेल हा वेगळा विषय, पण आपल्या पूर्वजांनाही हुशारी म्हटल्यावर बोटाला लागणारं पातं आठवलं, हे लक्षात घ्यावं असं आहे.

एक सावधगिरी मात्र घेऊ. 'चुणचुण', 'चुरचुर', 'झणझण' हे अनुकरणवाचक शब्द आहेत. 'चुरचुरीत' फोडणीच्या आवाजावरून आला की डोळ्यांच्या आगीवरून, हे सांगणं अवघड आहे. इंग्रजी 'स्मार्ट'सारखी त्यांची शतकवार नोंद समोर ठेवता येत नाही. दोन्ही भाषांनी एकमेकींकडून काही घेतलं असंही नाही. दोघींनी आपापल्या ठिकाणी एकच गोष्ट अनुभवली: जे टोचतं ते माणसाला जागं करतं.

आणि 'हुशार' तरी काय? तो फारसीतून आला, त्यात 'होश' आहे, म्हणजे शुद्ध, भान. 'हुशार राहा' याचा जुना अर्थ सावध राहा. तापातून उठलेला माणूस 'आज जरा हुशारी वाटते' म्हणतो, तेव्हा तो गणितं सोडवणार नसतो, त्याला तरतरी आलेली असते. ताई, तुमच्या विद्यार्थ्याचे 'डोळे हुशार झाले' या अर्थाने वाचून पाहा.

धुंधुरमास | मंगळवार, रात्री १०.४८

डोळ्यांत झणझणीत अंजन घालणे!! घातलं की आधी झोंबतं, मग दिसतं.

लवंगी | मंगळवार, रात्री १०.५१

अगं खरंच की.

डेल्फ्टची_निळाई | बुधवार, पहाटे १.२०

नेदरलँड्समधून लिहितेय. तळटीप यांनी डच भाषेला ओझरता स्पर्शही केला नाही, म्हणून. इथे 'स्मार्ट' हा शब्द आजही दुःख या अर्थाने जिवंत आहे. 'स्मार्टलाप' नावाचा गाण्यांचा एक प्रकार आहे. 'लाप' म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. सोडून गेलेली बायको, समुद्रावरून परत न आलेला मुलगा, दारू पिऊन घर बुडवलेला बाप, असे विषय आणि सोबत अकॉर्डियन. सगळा बार मिळून गातो. मी इथे नवी असताना शेजारच्या आजींनी मला अशा कार्यक्रमाला नेलं होतं. पाटीवर 'स्मार्ट' वाचून मला वाटलं काही फॅशनचं असेल. आत गेले तर अर्धे लोक डोळे पुसत होते.

दुसरा शब्द 'स्मार्टनगेल्ट', म्हणजे दुखापतीबद्दल मिळणारी भरपाई, शब्दशः दुःखाचे पैसे. जर्मन लोक त्यालाच 'श्मेर्त्सन्सगेल्ट' म्हणतात. जर्मन शिकताना पहिल्या काही धड्यांतच 'कोप्फश्मेर्त्सन' म्हणजे डोकेदुखी शिकवतात. तो शब्द मी शेकडो वेळा उच्चारला असेन, त्यात 'स्मार्ट' दडलाय हे आज कळलं.

संत्रागाव | बुधवार, सकाळी ९.४५

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी नागपूरला वकिली करतो, मोटार अपघात दाव्यांचं काम जास्त. इंग्रजीतही 'स्मार्ट मनी' असा शब्द होता आणि त्याचा अर्थ नेमका हाच होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जखमी, अधू झालेल्या सैनिकांना आणि खलाशांना जी रक्कम मिळायची तिला 'स्मार्ट मनी' म्हणत. हात गेला, पाय गेला, त्या दुखण्याचे पैसे. अमेरिकेच्या कायद्याच्या भाषेत पुढे तो शब्द दंड म्हणून द्यायला लावलेल्या भरपाईसाठीही वापरला गेला, म्हणजे देणाऱ्याला झोंबावी अशी रक्कम.

आज शेअरबाजाराच्या बातम्यांत 'स्मार्ट मनी' येतो तो माहीतगार लोकांनी लावलेला पैसा. शब्द तोच, अर्थ उलटा फिरला.

आमच्या दाव्यात औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मिळकत यांच्यासोबत 'वेदना आणि यातना' असा वेगळा रकाना असतो. बिलं जोडून बाकीचे आकडे सिद्ध करता येतात. या रकान्याला बिल नसतं. पक्षकार विचारतो, "साहेब, दुखलं किती हे कसं लिहायचं?" मी आजवर त्याला नीट उत्तर देऊ शकलेलो नाही. आपल्याआधी तीनशे वर्षं कोणीतरी त्यासाठी एक साधा शब्द करून ठेवला होता हे कळल्यावर बरं वाटलं.

नांगर_वर | बुधवार, दुपारी १२.३०

रत्नागिरीचा आहे, तेवीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. आमच्याकडे 'स्मार्टली' म्हणजे चटकन आणि नेटकं. दोर ओढताना बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, 'स्मार्टली!' ओरडला की तिथे हुशारीचं काम नसतं, हात चालवायचे असतात. तळटीप यांनी १३०० सालचा म्हणून जो अर्थ सांगितला तो डेकवर अजून रोज वापरात आहे. जमिनीवर 'लुक स्मार्ट' म्हटलं की लोक केस सारखे करतात.

एनसीसीत असताना आमचे हवालदारसाहेब 'सॅल्यूट स्मार्ट मार' म्हणायचे. हात वर जाताना हवेला झटका बसला पाहिजे, असं शिकवायचे. फटक्याचं जे वर लिहिलंय ते वाचून तो झटका आठवला.

जर्सीतली_मी | बुधवार, संध्याकाळी ७.१५

अमेरिकेतला अनुभव. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एकीने सुंदर कोट घातला होता. मी म्हटलं, "यू आर लुकिंग व्हेरी स्मार्ट टुडे." ती जराशी थांबली आणि म्हणाली, "ॲज ऑपोज्ड टु येस्टरडे?" म्हणजे काल मी मठ्ठ दिसत होते का? तिला राग आला नव्हता, पण मी दिवसभर अस्वस्थ होते. इथे स्मार्ट म्हणजे बुद्धीच. दिसण्याचा अर्थ ब्रिटिश वापरातला, आणि आपण तो त्यांच्याकडून घेतलेला. भारतात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि आपल्याला कधी अडत नाही.

मुलांना मात्र इथेही जुना डंख कळतो. 'डोन्ट गेट स्मार्ट विथ मी' हे शाळेतली बाई उलट बोलणाऱ्या मुलाला म्हणते. तिथे स्मार्ट म्हणजे लागेल असं बोलणारा. आपल्याकडचं 'जास्त शहाणपणा नको' हे त्याचं सख्खं भावंड. 'ओव्हरस्मार्ट' हा शब्द तर आपल्याकडचाच. इथे मी वापरला की लोकांना अर्थ कळतो, पण त्यांच्या तोंडी तो सहसा नसतो. आपल्याकडे 'अतिशहाणा' आणि 'दीडशहाणा' आधीपासून होते, त्याच साच्यात इंग्रजी ओतलं असावं असं मला वाटतं.

वहीचं_मागचं_पान | बुधवार, रात्री ९.००

दिसण्याच्या अर्थाबद्दल कोणी सविस्तर लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. १९८५ ते १९९७ मी एका वधूवर सूचक मंडळात नावनोंदणीचं काम केलं. फॉर्मवर 'वर्ण' असा रकाना असे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. त्याच्या पुढे 'इतर वर्णन'. मुलगी गोरी असेल तर आया तिथे 'सुंदर', 'देखणी' लिहायच्या. सावळी असेल तर थोडा वेळ पेन धरून बसायच्या आणि मग लिहायच्या, 'स्मार्ट'.

बारा वर्षांत हे मी इतक्यांदा पाहिलं की माझ्यापुरता तो शब्द सावळ्या मुलींचा झाला. मुलाकडची मंडळीही तो तसाच वाचायची. 'स्मार्ट आहे म्हणजे रंगाने कमी असणार' असं माझ्या टेबलासमोर बसून म्हणायची. मुलांच्या फॉर्मवरही 'स्मार्ट' असे, पण तिथे त्याचा अर्थ सरळ होता: उंच, नीटनेटका, चार माणसांत उठून दिसणारा. मुलाचा रंग त्या शब्दाआड कोणी शोधत नव्हतं.

एक मुलगी आईबरोबर आली होती. बँकेत नोकरी, आवाज अतिशय गोड. आईने रकान्यात 'स्मार्ट' लिहिलं. मुलीने फॉर्म आपल्याकडे ओढला, तो शब्द एका रेघेने खोडला आणि लिहिलं, 'सावळी आहे, वर लिहिलेच आहे.' आई काहीच बोलली नाही. मीही नाही. तो फॉर्म मी तसाच फायलीत लावला.

'स्मार्ट'चा मूळ अर्थ झोंबणं आहे हे आज इथे वाचलं आणि इतक्या वर्षांनी ती रेघ आठवली.

धुंधुरमास | बुधवार, रात्री ९.२२

ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या फॉर्मवरही तोच शब्द होता.

विदागार | गुरुवार, सकाळी ११.००

यंत्रांचा 'स्मार्ट' राहिला, तो थोडक्यात. यंत्राला हे विशेषण लागलं ते ठळकपणे १९७२ च्या आसपास, आणि तेही बॉम्बला. व्हिएतनाम युद्धात थान्ह होआ इथला पूल अमेरिकी विमानांना १९६५ पासून पाडता येत नव्हता. मे १९७२ मध्ये लेझरने दिशा दाखवलेल्या बॉम्बनी तो पाडला. त्या काळात 'स्मार्ट बॉम्ब' हा शब्द वर्तमानपत्रांत आला. वेदनेपासून निघालेला शब्द यंत्रांच्या जगात शिरला तो असा. पुढे कार्ड आलं, फोन आला. आयबीएमचा 'सायमन' १९९४ मध्ये बाजारात आला. आज त्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात, विकताना मात्र त्याला ते नाव नव्हतं.

व्यवस्थापनातलं 'स्मार्ट गोल्स' म्हणजे पाच शब्दांची आद्याक्षरं. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका लेखात ती मांडली. त्याचा या व्युत्पत्तीशी संबंध नाही, पण दर वर्षी एप्रिलमध्ये कंपनीत ती भरताना डोळे चुरचुरतात एवढं खरं.

जून २०१५ मध्ये स्मार्ट सिटी मोहीम आली. पुणे आणि सोलापूर पहिल्या वीस शहरांत होती. महाराष्ट्रात गावांसाठी 'स्मार्ट ग्राम' योजना होती, तिचं पुढे आर. आर. पाटील यांच्या नावाने 'सुंदर गाव' योजना असं नामकरण झालं. वहीचं मागचं पान यांचा प्रतिसाद वाचल्यावर 'स्मार्ट' जाऊन 'सुंदर' आलं याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतोय.

जुनाखोड | गुरुवार, दुपारी ४.४०

वर कोणी विचारले नाही, तरी सांगतो. आमच्या लहानपणी आई खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावताना म्हणे, "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय." टिंक्चर लावतानाही हेच. न झोंबणाऱ्या औषधावर तिचा विश्वास नव्हता.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, संध्याकाळी ६.०५

तास झाला. सगळ्यांचे आभार मानण्याआधी काय झालं ते सांगते.

फळ्यावर मध्यभागी 'स्मार्ट' लिहिलं आणि डावीकडे चॉसरच्या त्या मठातल्या बाईच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. कुत्र्याला छडी मारली हे ऐकून पुढच्या बाकावरच्या मुली खरोखर हळहळल्या. मग तो शब्द हळूहळू उजवीकडे सरकवला. फटका, झटका, जीभ, हुशारी. द आणि ट चा नियम सांगायचा विचार नव्हता, पण वेळ उरला म्हणून सांगितला. दहा मिनिटं वर्गात नुसतं 'दश-टेन, दंत-टूथ' चाललं होतं. एकाने 'दार-डोअर' दिलं आणि मग नियम का चुकला म्हणून भांडायला लागला. तळटीप, हे तुमच्यासाठी ठेवलंय.

मग विचारलं, आपल्याकडे असे शब्द कोणते? लवंगी ताईंची यादी माझ्या हातात होती, पण मी ती दाखवली नाही. 'झोंबणे' लगेच आलं. 'सणसणीत' मागच्या बाकावरून, अनुभवाच्या सुरात आलं. 'चुणचुणीत' कोणी दिलं नाही, ते मीच लिहिलं.

ज्याचं भाषांतर होतं तो मुलगा गप्प होता. त्याला विचारलं, "तू हा शब्द घरी कसा म्हणशील?" त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बाई, चुलवाणात चिपाडं घातली की डोळं झोंबत्यात. पण तिथनं हलायचं नसतं. आजा म्हणतो, डोळं झोंबलं की झोप उडती, आणि गूळ कधी उतरवायचा ते झोपलेल्याला कळत नाही."

त्याच्या वहीतलं वाक्य मी खोडलेलं नाही. वर पेन्सिलीने 'चुरचुरत होते' लिहिलंय, आणि खाली त्याने स्वतः 'झोंबत होते' लिहिलंय. तिन्ही ठेवली आहेत.

तळटीप | शुक्रवार, रात्री ८.१०

ताई, 'दार-डोअर' काढणाऱ्या मुलाला शाबासकी द्या, तो बरोबर जागी अडला आहे. ती खरी जोडी आहे. संस्कृतात 'द्वार' आहे, पण मूळ भाषेत तिथे 'ध' असावा असं मानतात. तो संस्कृतात 'द' झाला, ग्रीकमध्ये 'थ' होऊन 'थुरा' असा राहिला. 'ध'चा इंग्रजीत 'ड' होतो, म्हणून डोअर. नियम मोडला नाही, दारच जुन्या घरातून बदलून आलं. त्याला सांगा, 'धा' आणि 'डू' ही जोडीही तपासून बघ.